शेठचा कान

सुरतेतल्या गोडादऱ्यात, आमच्या गल्लीत पहिला मोबाइल फोन आला तो आमच्या घरी. फोन आमचा नव्हता, आबांच्या शेठचा होता, पण गल्लीला त्याचं काय? संध्याकाळी आबा बाजारातून परतले की शेजारच्या बायका विरजण मागायचं निमित्त काढून यायच्या आणि फळीवरच्या त्या काळ्या ठोकळ्याकडे बघत बसायच्या. मी तेव्हा बारावीत होते आणि मला या सगळ्याचा भारी तोरा होता. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. पुढे आबांचं जे झालं त्यात माझा तो तोरा किती आणि नशीब किती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. लोक म्हणतात, झालं गेलं सोडून दे. असं बोलणाऱ्यांचा मला राग येतो.

आम्ही मूळचे खानदेशातले. लग्न झाल्यावर वर्षभरात आबा सुरतेला आले आणि लूमच्या खात्यात लागले. खातं म्हणजे पत्र्याची लांब शेड आणि तिच्यात एकाला एक खेटून खडाखडा चालणारे लूम. आमच्याकडे त्यांना साचे म्हणतात. बारा बारा तास त्या आवाजात उभं राहिलेला माणूस घरातसुद्धा ओरडूनच बोलतो. आबाही ओरडून बोलायचे, आणि नवख्या पाहुण्याला वाटायचं की या घरात सदा भांडण चालू आहे. आबांचा उजवा कान डाव्यापेक्षा जास्त जड झाला होता. माय चेष्टेने म्हणायची की तिची कामं सांगायची वेळ आली की दोन्ही कान सारखेच जड होतात.

चौऱ्याण्णव साली सुरतेत प्लेग आला तेव्हा सगळे पळाले तसे आम्हीही गावाकडे पळालो. परत आलो तर खात्यात आबांच्या साच्यावर दुसरा माणूस उभा होता. मग ओळखीने रिंग रोडवरच्या कापड बाजारात एका साडीवाल्या शेठकडे काम मिळालं. काम होतं गठ्ठे वाहायचं. टेम्पोतून खाली, खालून तिसऱ्या मजल्यावर, पुन्हा खाली. आबांची पाठ दोन वर्षांत गेली. घरी आले की आधी पालथे पडायचे आणि माय तव्यावर वीट तापवून, फडक्यात गुंडाळून त्यांची पाठ शेकायची. त्या दिवसांत आबांना एकच गोष्ट हवी होती, बसायला मिळेल असं काम. देवाजवळ दुसरं काही मागत नसत.

शेठ गुजराती, साठीला आलेले. माणूस वाईट मुळीच नव्हता, फक्त जिवाला फार जपणारा. सकाळी कडुलिंबाचा रस प्यायचे, पंख्याखाली बसायचे नाहीत, दुकानात कोणी शिंकलं की तोंडावर रुमाल धरायचे. त्यांचा माल रंगायला पलसाण्याच्या एका मिलमध्ये जायचा आणि तिकडच्या लोकांना दिवसातून दहा वेळा काही ना काही विचारायचं असायचं. दुकानातला साधा फोन निम्मा वेळ बंद, म्हणून शेठनी मोबाइल घेतला. खोक्यात फोनसोबत इंग्रजी पुस्तिका निघाली. शेठना इंग्रजी येत नव्हतं आणि माहिती नसलेल्या वस्तूला ते हात लावत नसत. तेव्हा आबा पुढे होऊन म्हणाले की माझी मुलगी इंग्रजी वाचते.

ती पुस्तिका आबांनी दूध आणायच्या स्वच्छ पिशवीत घालून घरी आणली. मी मराठी शाळेत शिकलेली, पुढे गुजरातीतून अकरावी-बारावी करणारी मुलगी. माझं इंग्रजी म्हणजे डिक्शनरी आणि हिंमत. दोन दिवस पुस्तिकेला चिकटून बसले आणि शाळेच्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर गुजरातीत सगळं उतरवलं. बटण कोणतं दाबायचं, एरियल कशी ओढायची, चार्जिंग कधी करायचं. शेवटी सुरक्षिततेबद्दल अर्धं पान होतं. हा फोन रेडिओ लहरी सोडतो आणि घेतो, बोलताना एरियलला उगाच हात लावू नये, हृदयात यंत्र बसवलेल्या माणसाने जपून वापरावा, पेट्रोल पंपावर बंद ठेवावा, इतकंच. मध्ये एक लांबलचक वाक्य होतं, त्यात या लहरी ठरवून दिलेल्या मर्यादेच्या आत आहेत अशा अर्थाचं काहीतरी होतं. ते मला तेव्हा नीट लागलं नाही. अर्थ लागला नाही म्हणून मी ते गाळलं.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण ते अर्धं पान मला फार कोरडं वाटलं. शेठनी वाचावं आणि म्हणावं की पोरगी हुशार आहे, असं मला वाटत होतं. त्याच आठवड्यात कुठल्याशा पुरवणीत मोबाइलने डोक्यावर परिणाम होतो की नाही यावर काहीतरी वाचलं होतं, अर्धं कळलेलं, अर्धं न कळलेलं. त्यातलं मला आवडलं ते उचललं आणि पुस्तिकेतच आहे अशा थाटात लिहून टाकलं की या लहरी कानातून डोक्यात शिरतात आणि मेंदू आतून हळूहळू तापतो. वाक्य चांगलं जमलं म्हणून खाली दोन रेघा मारल्या. मग वही आबांना मोठ्याने वाचून दाखवली. आबा भिंतीला टेकून ऐकत होते आणि माझ्याकडे असं बघत होते, जणू मी त्यांना वकिलाची नोटीस समजावून सांगते आहे.

दुसऱ्या दिवशी आबा फोन घेऊनच घरी आले. अंगावर इस्त्रीचा शर्ट, फोन वरच्या खिशात. आल्या आल्या सांगितलं की आता गठ्ठे बंद. शेठ फोन कानाला लावत नाहीत, तो लावायचं काम यापुढे आबांचं. शेठ फोन घरीही नेत नाहीत, तेव्हा रात्री तो आपल्याकडेच राहणार. माय हसली. मीही हसले. शेठ किती भित्रा, यावर आम्ही तिघं जेवताना पोट धरून हसलो. माझ्या वाक्याने माझ्या बापाची पाठ सोडवली, असा हिशोब मी मनात केला आणि मला फार बरं वाटलं.

कॉलेज लवकर सुटलं की मी कधी कधी आबांचा डबा घेऊन बाजारात जायची. तिथे ते काम कसं चालायचं ते मी बघितलंय. शेठ पांढऱ्या गादीवर तक्क्याला टेकून बसलेले. आबा दाराशी स्टुलावर. फोन वाजला की आबा एरियल ओढायचे, उठून गॅलरीच्या कठड्याशी उभे राहायचे, कारण आत आवाज तुटायचा, आणि फोन उजव्या कानाला लावायचे. पलीकडचा जे बोलेल ते आबा मोठ्याने बोलायचे. शेठ गादीवरून उत्तर द्यायचे, ते आबा फोनमध्ये बोलायचे. "शेठ, पूछ रहे हैं माल कब भेजना है." "कह दो, मंगलवार." "मंगलवार, मंगलवार." असं तासन् तास. साच्यावर घडलेला आवाज तो, शेजारच्या चार दुकानांना शेठचा सगळा धंदा ऐकू जायचा. त्या मजल्यावरचे लोक आबांना शेठचा कान म्हणायला लागले. आबांना ते आवडायचं. घरी येऊन सांगायचे.

फोन उजव्याच कानाला का, असं मी एकदा विचारलं. आबा म्हणाले की डावा शेठचं ऐकायला मोकळा लागतो. मला ते पटलं. पण उजवा कान आधीच जड, म्हणून फोन इतका दाबून धरायचे की कानाची पाळी दुमडून लाल व्हायची.

दसऱ्याला खात्यातले लोक साच्यांना झेंडू वाहतात. आबांचा साचा आता नव्हता. त्यांनी फोन पाटावर ठेवला, हळदकुंकू लावलं, वर एक झेंडू ठेवला. पूजा चालू असतानाच फोन वाजला आणि आबांनी कुंकू लागलेला फोन तसाच कानाला लावला. दिवसभर त्यांच्या कानशिलावर कुंकू होतं. माय त्या फोनला तशी घाबरूनच असायची. "हाई मना डोकाजोडे ठेवू नका," म्हणायची, म्हणजे माझ्या डोक्याजवळ ठेवू नका. म्हणून तो आबांच्या उशाशी असायचा.

त्याच वर्षीच्या दिवाळीच्या आसपासची ही गोष्ट. माल जायची घाई होती आणि आबा दिवसभर फोनवर उभे. संध्याकाळी घरी येऊन बसले आणि मला जवळ बोलावून कान पुढे केला. "हात लाव व, कसा तपेल शे." मी हात लावला. कान भाकरीच्या पापुद्र्यासारखा गरम होता. दिवसभर दाबून धरलेली कुठलीही वस्तू गरम होते, कानही होतो, बॅटरीही होते, हे मला आज माहीत आहे. त्या संध्याकाळी मात्र मला माझं वाक्य आठवलं, दोन रेघांसकट. मी म्हटलं, "आबा, जरा लांब धरत जा." आबा म्हणाले, "लांब धरं ते आयकू येस नही, बेटा."

आणि मी गप्प बसले. खरं सांगायचं तर मला गप्पच बसायचं होतं. बोलले असते तर दोन्हीपैकी एक सांगावं लागलं असतं. एक तर ते वाक्य मी माझ्या मनाचं घातलंय, मग शेठनी फोन स्वतःच्या कानाला लावला असता आणि आबा पुन्हा गठ्ठ्याखाली गेले असते. नाहीतर ते खरं आहे, म्हणून हे काम सोडा, मग तरीही गठ्ठेच. तिसरं काही मला सुचलं नाही. सुचायला मी वेळही दिला नाही, उठून अभ्यासाला बसले.

दीड-एक वर्षाने आबा म्हणू लागले, "कानमा साचा चाली राहिना." म्हणजे कानात साचा चालतोय. आम्ही मनावर घेतलं नाही. गल्लीत निम्म्या पुरुषांच्या कानात साचा चालायचा. मग त्यांचा तोल जायला लागला. सकाळी बाथरूमला जाताना भिंतीला हात लावून जायचे. गाल बधिर झाल्यासारखा वाटतो म्हणायचे. शेवटी बाजारातल्या जिन्यावरून पडले, गठ्ठा नव्हता, काही नव्हतं, रिकाम्या हाताने उतरताना पडले. फोन मात्र वर धरून ठेवला होता, त्याला ओरखडाही नव्हता. शेजारच्या दुकानदाराने हे मला कौतुकाने सांगितलं.

मोठ्या दवाखान्यात डोक्याचा फोटो काढला. उजव्या कानाच्या नसेवर गाठ होती. डॉक्टर तरुण होता, समजावून सांगणारा होता. कॅन्सर नाही म्हणाला, पण गाठ मोठी आहे आणि जागा वाईट आहे. मी त्याला फोनचं विचारलं. त्याने आधी हसून, मग माझं तोंड बघून नीट उत्तर दिलं. अशी गाठ फार हळू वाढते, बहुतेक फोन हातात यायच्या आधीपासूनच असेल. इतकी वर्षं लूमचा आवाज, त्याने कान जातो, पण गाठीचं कारण तेही असं म्हणता येत नाही. फोनने होतं असं कोणी सिद्ध केलेलं नाही, होतच नाही असंही आज कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. "कशामुळे झालं हे विचारू नका," तो म्हणाला, "त्याचं उत्तर माझ्याकडे नाही." मी त्याच्याकडे उत्तर मागायला गेलेच नव्हते, मला शिक्षा हवी होती किंवा सुटका. त्याने दोन्हींतलं काहीच दिलं नाही.

ऑपरेशन झालं. गाठ सगळी काढता आली नाही. उजवा कान पूर्ण गेला, तोंड एका बाजूला ओघळलं, उजवा डोळा मिटेना. पाणी पिताना ओठाच्या कोपऱ्यातून ओघळायचं आणि माय पदराने टिपायची.

मी शेठला शिव्या देत होते. मनातल्या मनात नाही, मोठ्याने, दवाखान्याच्या व्हरांड्यात. स्वतःच्या कानाला जपलं आणि माझ्या बापाचा कान खाल्ला, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक नातेवाइकाला सांगत होते. त्यात मला आधार वाटायचा. आणि मग एका सकाळी शेठ स्वतः भेटायला आले. तोंडावर रुमाल, हातात मोसंब्यांची पिशवी. आबा झोपले होते. शेठ बाकावर माझ्या शेजारी बसले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, ते खोटं नव्हतं. त्यांना माझं बोलणं कोणीतरी सांगितलं असावं.

ते हिंदीत म्हणाले की फोन कानाला लाव असं मी तुझ्या वडिलांना कधी सांगितलं नाही. तुझी वही वाचली आणि मी फोन दुकानदाराला परत करायला निघालो होतो. त्यांनीच तो माझ्या हातातून घेतला. म्हणाले, शेठ, माझा उजवा कान साच्याने आधीच खाल्लाय, त्याचं आता आणखी काय बिघडणार? मी ऐकतो, तुम्ही फक्त बोला. मला गठ्ठ्यावरून काढा.

शेठनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून घडी केलेली वहीची पानं काढली. इतके दिवस त्यांनी ती जपून ठेवली होती. माझं अक्षर, माझ्या दोन रेघा, आणि त्यांच्याखाली शेठनी स्वतः मारलेली लाल पेन्सिलची तिसरी रेघ. त्यांनी ती पानं माझ्या हातात ठेवली, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि अगदी मनापासून म्हणाले, "तें लखी आप्युं, दीकरी, एटले हुं बची गयो." तू लिहून दिलंस म्हणून मी वाचलो.

ती पानं मी फाडली नाहीत. ती अजून माझ्याकडे आहेत. मी घातलेलं वाक्य खोटं असेल, तर आबांच्या गाठीला फोन कारण नाही आणि मी फक्त एक फुशारकी मारणारी मुलगी होते. ते खरं असेल, तर मला माहीत होतं, मी त्यांच्या तापलेल्या कानाला हात लावला होता आणि मी अभ्यासाला बसले. इतक्या वर्षांत फोन सगळ्यांच्या हातात आले, त्यावर किती लिहून आलं. मी सगळं वाचते. मला हवं ते वाक्य कुठेच नसतं.

गाठ वर्षभरात पुन्हा वाढली. दुसऱ्या ऑपरेशनला आबा नको म्हणाले आणि डॉक्टरनेही आग्रह धरला नाही. आता दिवसभर खाटेवर बसून असायचे. बसायला मिळेल असं काम हवं होतं ना त्यांना. शेठनी नवा फोन घेतला होता, जुना आबांना भेट म्हणून पाठवला. तो चालू नव्हता. तरी आबांनी तो उशाशी ठेवला.

एके दुपारी माय दळणाला गेली होती. घरात आम्ही दोघंच. आबा भिंतीला टेकून, उजव्या डोळ्यावर पट्टी. मी खाटेवर त्यांच्या उजव्या बाजूला बसले. मुद्दाम उजव्या. आणि सगळं सांगितलं. अर्थ न लागलेलं वाक्य गाळलं ते सांगितलं, मनाचं वाक्य घातलं ते सांगितलं, कान गरम लागला तेव्हा मला सगळं आठवलं होतं तेही सांगितलं. तुम्ही गठ्ठ्याखाली जाऊ नये म्हणून गप्प बसले म्हणाले, आणि मग म्हणाले की तेही पूर्ण खरं नाही, मला गल्लीत मिरवायचं होतं. चुकलं आबा, म्हणाले. इतकं रडू येत होतं की शब्द नीट फुटत नव्हते.

खाट हलली म्हणून असेल, आबांनी मान वळवली. माझं ओलं तोंड बघून ते घाबरले. ओठाचा एक कोपरा उचलून, ओरडून म्हणाले, "डावी बाजूले ये, बेटा. हाऊ कानमा काहीच आयकू येस नही. काय सांगी राहिनी तू?"

मी उठले. खाटेला वळसा घालून डाव्या बाजूला गेले. त्यांनी चांगला कान माझ्याकडे केला आणि डावा डोळा मिटून वाट बघत राहिले, फोन आला की राहायचे तसे.

मी त्या कानात म्हटलं, "काही नही, आबा. चहा ठेवू का?"